रानातून औषधी वनस्पती आणताना किती घ्यायचं आणि किती ठेवायचं?

रानजाई
ओढ्याच्या काठाला शतावरीची एक दाट जाळी मला माहीत होती. गेल्या हिवाळ्यात, आता मुळ्या भरल्या असतील या हिशोबाने, तिथे जाऊन खणलं. सगळ्यात मोठ्या वेलीचा अख्खा गड्डा उपसला, शेजारच्या दोन लहान वेलीही काढल्या. मुळ्या बोटाएवढ्या जाड, पांढऱ्याशुभ्र होत्या. मला फार आनंद झाला होता.
यंदा चांगला पाऊस झाल्यावर मुद्दाम वाट वाकडी करून तिथे गेले. जिथे खणलं होतं तिथे खड्डा आणि खड्ड्यात पाणी. एक कोंब नाही. मधल्या काळात आणखी कोणी आलं असेलही, पण तो खड्डा मीच केलेला होता, मला ओळखता आला.
तेव्हापासून हे मनातून जात नाहीये. तुमच्यातले जे रानातून काही आणतात त्यांना विचारायचंय: किती घ्यायचं हे कसं ठरवता? कोणत्या दिवसांत घेता? कोणाकडून शिकलात? "निसर्गाचा आदर करा" एवढं मलाही कळतं. हात नेमका कसा चालवायचा ते हवंय.

पायवाट
सोपा नियम: तिसरा हिस्सा. तीन झाडं दिसली तर एक घ्या. मला माझ्या काकांनी हेच शिकवलं आणि मी हेच पाळतो.

शून्यशेष
पायवाट, नियमामागची भावना चांगली आहे, पण हिशोब करून बघा. एका जागी ८१ झाडं आहेत. पहिल्याने तिसरा हिस्सा नेला, राहिली ५४. दुसऱ्यानेही नियम पाळला, राहिली ३६. तिसऱ्यानंतर २४, चौथ्यानंतर १६. चौघांपैकी एकानेही नियम मोडला नाही आणि एका हंगामात पाचातली चार झाडं गेली.
आपल्याआधी कोण येऊन गेलं हे माहीत असल्याशिवाय हिस्सा काढताच येत नाही.

पायवाट
असा विचार केला नव्हता. आमच्या डोंगराच्या त्या अंगाला काका सोडून कोणी जायचं नाही, म्हणून त्यांना तो नियम पुरला असावा.

निर्गुडी
मी वैद्य आहे. सध्या रानात जाणं कमी झालंय, पण शिकताना दोन वर्षं एका जाणत्या माणसामागे हिंडले. माझ्या मते पहिला प्रश्न "किती" नाहीच. झाडाचा कोणता भाग काढताय, हा आहे.
फळ, बी, पाला, फूल घेतलं तर झाड जागेवर राहतं. काही फळं ठेवली, सगळा शेंडा खुडला नाही, तर पुढच्या वर्षी ते पुन्हा देतं. डिंक आणि साल यांत जोखीम वाढते. मूळ, कंद, गड्डा काढला की बहुतेक वेळा झाडच संपतं. जी झाडं एकदाच फुलून मरतात ती फुलोऱ्यात उपटली तर पुढची पिढीसुद्धा आपण घरी आणलेली असते. त्यामुळे हिरड्याला लागू पडणारा नियम शतावरीला लावून चालत नाही.
काळाबद्दल चरकसंहितेच्या कल्पस्थानात स्पष्ट सांगितलंय. कोवळ्या फांद्या आणि पानं वर्षा आणि वसंतात. मुळं ग्रीष्मात किंवा शिशिरात, पानं झडलेली असताना. साल, कंद आणि चीक शरदात. खोडाचा गाभा हेमंतात. फुलं आणि फळं ज्याच्या त्याच्या ऋतूत. याला आजचं वनस्पतिशास्त्रही बरंचसं दुजोरा देतं. वरची वाढ थांबते तेव्हा झाडाने साठा जमिनीखाली नेलेला असतो, म्हणून मूळ त्या वेळी भरलेलं मिळतं. मला यातली दुसरी बाजूही महत्त्वाची वाटते: तोपर्यंत झाडाचं बी पडून गेलेलं असतं.
रानजाई, तुमचा काळ बरोबर होता. गड्डा अख्खा निघाला तिथे चुकलं.

ओंजळ
निर्गुडीताई, भागाबद्दल जे लिहिलंत त्याचं एक मोठं उदाहरण आठवलं. कर्करोगावरचं टॅक्सॉल हे औषध अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या पॅसिफिक यू या झाडाच्या सालीत सापडलं. तपासणीसाठी साल १९६२ मध्ये गोळा केली होती, रेणूची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि औषध म्हणून मान्यता १९९२ मध्ये मिळाली. अडचण अशी की झाड फार हळू वाढणारं, साल पातळ आणि ती सोलली की झाड मरायचं. थोड्याशा औषधासाठी ढीगभर साल लागायची.
पुढे युरोपातल्या यूच्या पानांमधून त्याच्या जवळचा एक रेणू काढून त्यापासून औषध बनवायची रीत सापडली. पानं छाटली की पुन्हा येतात. औषध तेच राहिलं, फक्त हात सालीवरून पानांवर गेला.

मोहोर
वाचतेय. फार चांगला धागा.

आडवाट
सालीचा विषय निघालाय तर विचारतो. अर्जुनाची साल काढली तरी परत येते म्हणतात. मी बघितलेली दोन झाडं मात्र वाळून गेली होती. खरं काय?

देवराई
आडवाट, दोन्ही खरं आहे, साल कशी काढली त्यावर ठरतं. पानांत तयार झालेलं अन्न आतल्या सालीतून खाली मुळांपर्यंत जातं. खोडाभोवती पूर्ण कडं सोललं की ती वाट बंद होते. मुळं उपाशी पडतात आणि झाड हळूहळू मरतं. वर पाला हिरवा दिसत असतो, त्यामुळे सोलणाऱ्याला पत्ताच लागत नाही. तुम्ही बघितलेल्या झाडांना असंच कडं पडलं असणार.
अर्जुनाची जून साल आपोआपही ढलप्यांनी सुटते. वरचा आणि मधला थर उभ्या पट्टीत काढला, सगळ्यात आतला ओलसर थर खोडाला तसाच ठेवला आणि बाकीचा घेर शाबूत राहिला, तर जखम भरून येते. त्याच पट्टीला लगेच पुन्हा हात लावायचा नाही. नीट भरलीय हे बघून मगच.
आफ्रिकेत प्रूनस आफ्रिकाना नावाचं झाड आहे, पुरःस्थ ग्रंथीच्या (प्रोस्टेटच्या) त्रासावर त्याची साल वापरतात. तिथेही कडं पाडून आणि झाडं आडवी करून इतकी साल गेली की १९९५ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टाखाली आला, म्हणजे परवान्यानेच व्यापार. तिथली सुचवलेली पद्धत अशी: खोडाच्या घेराचे चार भाग कल्पायचे आणि समोरासमोरच्या दोनच भागांवरची साल काढायची. उरलेल्या दोन भागांतून अन्न खाली जात राहतं.

आडवाट
आता कळलं. त्या दोन्ही झाडांना कमरेएवढ्या उंचीवर पूर्ण कडं होतं. धन्यवाद, देवराईदादा.

लाजाळू
गुग्गुळाची गतही अशीच झालीय. डिंक जास्त यावा म्हणून खोल आणि खूप चिरे देतात. डिंक भरपूर येतो आणि झाड मरतं. आज ते अतिसंकटग्रस्त जातींमध्ये आहे.

बांधावरून
सगळं वाचून मला एकच वाटतं. ज्याला औषधी झाडं हवीत त्याने ती लावावीत. बी मिळतं, रोपं मिळतात. रानात जायचंच कशाला? आपण कितीही जपून काढलं तरी काढतोच ना? मी शतावरी, अडुळसा, गुळवेल, कोरफड सगळं लावलंय आणि गेली कित्येक वर्षं रानातलं पानही तोडलेलं नाही. ज्यांच्याकडे हातभर जागा आहे त्यांनी तरी रानाला सोडून द्यावं.

माळढोक
बांधावरून, घरापुरतं तुमचं अगदी बरोबर आहे. पण आमच्या घरात तीन पिढ्या हिरडा, बेहडा, आवळा, वावडिंग गोळा करण्याचं काम चाललंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.
व्यापारात असलेल्या औषधी जातींपैकी बहुसंख्य जाती आजही रानातूनच येतात. हिरडा फळायला बरीच वर्षं लागतात, तो कोणी हौसेने बांधावर लावत नाही. आणि फळ गोळा करणाऱ्याला झाड उभं हवं असतं. ज्या उतारावर हिरड्यावर घरं चालतात तिथे हिरड्याला कुऱ्हाड लावू देत नाहीत, हे मी लहानपणापासून बघतोय. लोकांनी रानात यायचं बंद केलं तर ते झाड फक्त जळाऊ लाकूड होऊन बसेल.
आता आमच्याकडचं वाईटही सांगतो. आवळा पुरता तयार होण्याआधी उतरवतात. चढायचा वेळ वाचावा म्हणून फळांसकट फांद्याच छाटतात. हे करणाऱ्यांना आवळा कधी तयार होतो ते चांगलं ठाऊक असतं. पण आज ठेवला तर उद्या दुसरा कोणी नेणार, ही धास्ती असते. मीही एका वर्षी कच्चा उतरवलाय आणि ते मला अजून लागून आहे. ज्या ठिकाणी कोणत्या झाडावर कोणाचा हात हे ठरलेलं होतं तिथे लोक थांबायचे. जिथे ते मोडलं तिथे सगळे घाईत. शून्यशेष यांचं गणित मला म्हणूनच पटलं. नुसत्या नियमाने भागत नाही. ती जागा कोणाच्या तरी जबाबदारीवर असावी लागते.

बांधावरून
माळढोक, हे मला माहीत नव्हतं. फळांच्या बाबतीत माझं म्हणणं मागे घेतो. मुळांच्या बाबतीत मात्र ठाम आहे. हिमालयातली कुष्ठ नावाची वनस्पती बघा. रानातलं इतकं खणलं गेलं की १९८५ पासून ते साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे रानातल्या मुळाचा व्यापारासाठी आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद. पण हिमाचलातल्या लाहौलमध्ये त्याची शेती होते. सर्पगंधा १९९० पासून, जटामांसी आणि कुटकी १९९७ पासून दुसऱ्या परिशिष्टात आहेत. सगळ्या मुळासाठी किंवा जमिनीतल्या खोडासाठी खणल्या जाणाऱ्या. हा योगायोग नाही.

निर्गुडी
मुळांबाबत मी बांधावरून यांच्या बाजूने. मात्र "रानातलंच गुणकारी, लावलेलं कुचकामी" असं रुग्णही म्हणतात आणि काही वैद्यही. हे सरसकट खरं नाही. माती, ऊन, झाडाचं वय, काढण्याचा काळ आणि वाळवण्याची रीत यांवर गुण ठरतात. वेळेवर काढून सावलीत नीट वाळवलेली लावलेली शतावरी ही अवेळी उपटून पोत्यात बुरसलेल्या रानातल्या शतावरीपेक्षा केव्हाही चांगली.

चिमणचारा
मला वेगळीच भीती वाटते. ओळखच चुकली तर? गुळवेल म्हणून लोक हल्ली कोणतीही हृदयाच्या आकाराच्या पानांची वेल तोडून आणतात.

देवराई
चिमणचारा, रास्त भीती. गुळवेलीची एक जवळची जात आहे, टिनोस्पोरा क्रिस्पा. पानं लांबून सारखीच. तिच्या खोडावर दाट पुटकुळ्यांसारखे उंचवटे असतात आणि तोडल्यावर दुधासारखा स्राव येतो. आपल्या गुळवेलीच्या खोडावर तसे उंचवटे नसतात, दुधाळ स्रावही नसतो. पानावरून ठरवू नका, खोड बघा.
नावांचा घोळ याहून वाईट. ब्राह्मी म्हटलं की कोणी बाकोपा आणतं, कोणी मंडूकपर्णी. शंखपुष्पी या नावाखाली तर तीन-चार वेगवेगळ्या वनस्पती दिल्या जातात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया कुळातली दुसरी गेली. दोघींची चिनी नावं एकमेकींच्या अगदी जवळची. शंभराहून जास्त जणांची, बहुतेक बायकांची, मूत्रपिंडं बिघडली आणि त्यातल्या अनेकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला.
माझ्यापुरतं मी ठरवलंय. एखादी वनस्पती पाल्यात, फुलोऱ्यात आणि फळावर अशी तिन्ही रूपांत त्याच जागी बघितल्याशिवाय तिचा औषधी भाग घ्यायचा नाही. म्हणजे वर्षभर नुसतं बघायचं.

बिब्बा
आणि कळलावी! फूल असताना लहान मूलही ओळखेल. पण पावसाळा संपून वरची वेल वाळली की जमिनीत नुसता कंद उरतो आणि तो खायच्या कंदासारखा दिसतो. त्यात कोल्चिसिन असतं, जीव जातो. वर झाड दिसत नसेल तर कंद उकरू नका. माझी कळकळीची विनंती आहे.

मोहोर
देवराईदादांचं "वर्षभर नुसतं बघायचं" मी लिहून ठेवलं.

ओंजळ
थोडं अवांतर, पण राहवत नाही. चीनच्या हेंगदुआन डोंगरात फ्रिटिलारिया डेलावायी नावाची छोटी कंदाची वनस्पती होते. तिच्या जातकुळीतले कंद २,००० वर्षांहून जास्त काळ खोकल्याच्या औषधासाठी खणले जाताहेत. २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे माणसं पोचत नाहीत तिथे तिची पानं हिरवीगार, आणि जिथे खूप खणतात तिथे ती आजूबाजूच्या दगडांसारखी करडी, तपकिरी! हिरवी झाडं दिसायची आणि खणली जायची, दगडासारखी वाचायची, त्यांचंच बी पडायचं.

पायवाट
म्हणजे दोन हजार वर्षांचा लपाछपीचा डाव, राज्य कायम माणसावर, आणि झाड अजून सापडायला तयार नाही. मन भरून आलं हो हे वाचून.

चिमणचारा
:) आमच्या अंगणातल्या मांजरीलाही इतकं छान लपता येत नाही.

शून्यशेष
याच प्रकारचं आणखी एक. हिमालयातलं हिमकमळ, सॉसुरिया लॅनिसेप्स. आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं. लोक मोठ्यात मोठं फूल निवडतात. संग्रहालयांत जपलेले शंभर वर्षांचे नमुने मापून २००५ मध्ये दाखवलं गेलं की हे झाड बुटकं होत गेलंय. त्याच्याच जवळची जी जात लोक फारशी घेत नाहीत ती मात्र आहे तेवढीच.
रानजाई, तुम्ही "सगळ्यात मोठ्या वेलीचा गड्डा" लिहिलंय म्हणून हे सांगावंसं वाटलं. सगळ्यात मोठं, निरोगी झाड बियाण्यासाठी ठेवावं.

रानजाई
शून्यशेष, हे टोचलं, पण सांगितलंत ते बरं झालं. मी तिथे उभी राहून मोठी वेलच शोधत होते.

भारद्वाज
वाळवण्याबद्दल कोणी विस्ताराने लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण नासाडीही तोटाच आहे. ओला पाला चार-पाच किलो असेल तर वाळून साधारण एक किलो उरतो. दव सुकल्यावर आणि ऊन चढण्याआधी खुडावा. सुगंधी वनस्पती उन्हात वाळवू नयेत, वास उडाला की तेल उडालं. मुळ्या धुऊन, चिरून, हवा खेळेल अशा पातळ थरात पसराव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून आणलेला पाला घरी पोचेपर्यंत तापतो. मी लोकांना ओझंभर आणून निम्मं फेकताना बघितलंय. जेवढं त्याच दिवशी पसरता येईल तेवढंच तोडावं, हा माझा "किती"चा हिशोब.
आणि रहदारीच्या रस्त्याकडेचं किंवा फवारणी होणाऱ्या शेताच्या कडेचं काहीही घेऊ नये.

पायवाट
भारद्वाजकाका, हा हिशोब माझ्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कामाचा आहे.

मोहोर
परवानगीचं काय? कुठूनही काहीही आणता येतं का?

माळढोक
नाही. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात हात लावायचा नाही. इतर वनजमिनीवर काय चालतं ते आधी वनखात्याकडे विचारायचं, खासगी जमीन असेल तर मालकाला. भारतात २००६ च्या वनहक्क कायद्याने रानावर जगणाऱ्या समाजांना गौण वनोपजाचा (इमारती लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या वनस्पतींच्या मालाचा) हक्क दिलाय. मी वर जी जबाबदारी म्हणालो तिला यातूनच आधार मिळतो.
इतर देशांत नियम अगदी झाडापर्यंत पोचलेत. अमेरिकेत रानातलं जिनसेंग निर्यात करायचं तर मूळ किमान ५ वर्षांचं लागतं. मुळाच्या मानेवर दर वर्षीच्या खोडाचा एक वण राहतो, ते वण मोजून वय कळतं. अनेक राज्यांत फळ लाल झाल्याशिवाय खणता येत नाही आणि त्याच जागी बी लावून यावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये लागवडीची आणि रानातून गोळा करण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. फेअरवाइल्ड नावाचं मानक तर रानातून गोळा केलेल्या मालासाठीच आहे. त्यात झाडाबरोबर गोळा करणाऱ्याच्या मोबदल्याचाही विचार आहे.

कांचनमृग
मूळ प्रश्नाकडे येते. कालाहारीच्या वाळवंटात हार्पागोफायटम होतं, सांधेदुखीवर त्याचे कंद वापरतात. तिथले जाणते लोक मधल्या मुख्य मुळाला धक्का लावत नाहीत. बाजूने उकरतात, आडव्या मुळांवरचे कंद काढतात आणि खड्डा मातीने बुजवतात. मग त्या झाडाला काही वर्षं विश्रांती. मुख्य मूळ जिवंत असल्यामुळे पावसानंतर ते पुन्हा फुटतं.
शतावरीलाही असंच करता येतं. वरचा गड्डा, जिथून कोंब येतात, तो हलवायचा नाही. एका अंगाने माती बाजूला करायची, चार-सहा भरलेल्या मुळ्या गड्ड्यापासून थोडं अंतर ठेवून कापायच्या, माती परत दाबायची. सफेद मुसळीतही डोळा वरच्या चकतीवर असतो. चकती आणि तिला लागून एक-दोन मुळ्या परत पुरल्या तर ती पुढच्या पावसात उगवते.
रानजाई, मला वाटतं तुमच्या खड्ड्यात काही उगवलं नाही ते गड्डा वर आला म्हणून. आणि खड्डा उघडा राहिला, पाणी साचलं. मागे राहिलेला एखादा तुकडा असलाच तर तोही कुजला असेल.

रानजाई
ताई, मला हेच हवं होतं. कोणीतरी दोन वाक्यांत हे आधी सांगितलं असतं तर! सगळ्यांचे मनापासून आभार.

(काही महिन्यांनी)

रानजाई
धागा वर काढतेय. मध्यंतरी जाऊन खड्डा मातीने बुजवला, वर पाचोळा घातला. तिथे काहीच फुटलेलं नाही. पण ओढ्याने थोडं वर गेल्यावर दोन वेली सापडल्या. त्यांना हात लावला नाही. काल पुन्हा गेले तर त्यांना लाल फळं आलीत, आत काळं टणक बी आहे. पंधरा-वीस फळं आणली, बाकी पाखरांना ठेवली. बी बुजवलेल्या जागी लावायचंय. आत्ताच पेरू का? किती खोल?

कांचनमृग
आत्ता नको, उन्हाळाभर कोरडं पडून राहील नाहीतर उंदीर नेतील. गर धुऊन काढा, बी सावलीत वाळवा आणि कागदाच्या पुडीत ठेवा. पावसाच्या तोंडाशी रात्रभर पाण्यात भिजवा आणि बोटाच्या पेराएवढं खोल पेरा. कवच कठीण असतं, काही आठवडे दिसणार नाही. उकरून बघू नका.

बांधावरून
माझ्याकडे शतावरीची वर्षाची रोपं तयार आहेत. पण ती दुसरीकडच्या बियांची आहेत, तुमच्या ओढ्यावर त्याच ओढ्याचं बी बरं. रोपं हवी असतील तर ती अंगणात लावा, म्हणजे मुळ्यांसाठी तिकडे जावं लागणार नाही.

रानजाई
हो, अंगणासाठी चार रोपं नक्की हवीत. बी पुडीत घालून वर तारीख आणि जागा लिहिलीय.